लालला लाल, हिरव्याला हिरवी

मित्रांनो, मी एक जुनी फाइट स्टिक आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही माझी हकिकत ऐकायला बसलात, छान केलंत. पण आधी हात दाखवा पाहू. चिकट नाहीत ना? मग बसा.

फाइट स्टिक म्हणजे काय, हे काहींना ठाऊक नसेल. मांडीवर मावेल एवढी जाडजूड पेटी. डावीकडे वर गोल मूठ असलेला दांडा, उजवीकडे दोन ओळींत आठ बटणं. मला गेमच्या कन्सोलला जोडायचं, की पडद्यावरचे पैलवान माझ्या इशाऱ्यावर उड्या मारतात, गुद्दे घालतात, लाथा झाडतात. मार पडद्यावरचे खातात आणि घाम मात्र मला दाबणाऱ्याला फुटतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझ्या पोटात हिरवी पाटी बसवली. पाटी म्हणजे माझा मेंदूच म्हणा. त्या पाटीला प्रत्येक बटणासाठी वेगळ्या रंगाची वायर सोल्डर केलेली, म्हणजे धातू वितळवून कायमची चिकटवलेली होती. वायरीचं दुसरं टोक मात्र बटणाच्या पत्र्यावर नुसतं दाबून बसवायचं, टोपणासारखं. कुठली वायर कुठे, याचा रंगीत ठिपक्यांचा नकाशा झाकणाच्या आतून चिकटवलेला. शेवटी एका तपासनिसाने मला तपासलं. प्रत्येक बटण दहा वेळा दाबायचं असा नियम होता. त्याने सात वेळा दाबलं आणि 'पास'चा शिक्का मारला. तेव्हापासून माझा माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

बाबांनी मला दुकानातून घरी आणलं ते दोन भावंडांसाठी. थोरल्याला सगळे दादा म्हणत. धाकटीला बेबी. ती पुढे कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी बेबी ती बेबीच राहिली. एक दिवस मी दादाच्या मांडीवर, एक दिवस बेबीच्या. बेबी डावीकडची सहा बटणंच वापरायची. उजवीकडच्या टोकाची दोन, पकड आणि ढाल, ती फक्त दादाची. "ढालीमागे लपणाऱ्या भित्र्या!" असं ती त्याला चिडवायची, आणि तो म्हणायचा, "जिंकल्यावर बोल." खोटं कशाला सांगू, ते दिवस सोन्याचे होते. तरी मी डोळ्यांत तेल घालून दोघांवर नजर ठेवून असायची. कोण कधी वरून सरबत सांडेल, काही सांगता येतं का?

मग ती स्पर्धा आली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, शनिवार-रविवार. शनिवारी उपांत्य फेरीत समोरासमोर कोण आलं? दादा आणि बेबी! मी बेबीच्या मांडीवर, दादाच्या हातात हॉलमधली दुसरी स्टिक. बेबीने दादाला सरळ दोन फेऱ्यांत लोळवलं. शेवटच्या गुद्द्याला माझं एक बटण अडकून बसलं. हॉलमध्ये टाळ्या, शिट्ट्या, आणि दादाचे कान तापलेले.

घरी आल्यावर तो म्हणाला, "दे इकडे. सगळीच बटणं नवी घालतो. उद्या तुझी फायनल आहे."

त्याने माझं झाकण उघडलं. आठही वायरी काढल्या, नवी बटणं बसवली, आणि नकाशात बघून एकेक वायर परत लावली. लावताना तो गुणगुणत होता. मित्रांनो, काल-परवा नाही, त्याच दुपारी सपाटून हरलेला माणूस गुणगुणेल का? मला तिथेच संशय आला. आणि तो खरा ठरला! लाल वायर हिरवीच्या जागी गेली आणि हिरवी लालच्या. नारिंगी आणि पोपटी या दोघींचीही तीच गत. मला त्याच क्षणी कळलं, पण मी कोणाला सांगणार? दादाने आठही बटणं दाबून पाहिली. प्रत्येक वेळी पडद्यावरचा पैलवान काहीतरी करत होता. तेवढ्यावर "चालतंय" म्हणून त्याने झाकण लावलं.

रविवारी फायनलमध्ये बेबीने मोठा गुद्दा दाबला, तर लाथ निघाली. लाथ दाबली, तर गुद्दा. ती गडबडली. हात वर करून पंचांना म्हणाली, "बटणं उलटी लागलीयत." पंच म्हणाले, "सामना सुरू झाल्यावर काही बदलता येणार नाही." झालं! जिंकलेली बाजी हातची गेली.

जिन्यातच दोघांची जुंपली.

"तू मुद्दाम केलंस. काल हरलास ना, ते झोंबलं तुला!"

"वेड लागलंय का तुला? लालला लाल लावलीय, हिरव्याला हिरवी. डोळे आहेत मला!"

"मग उलटं कसं झालं?"

"तू घाबरलीस म्हणून उलटं झालं. हरलीस ते हरलीस, वर माझ्यावर खापर फोड."

आता बघा, मला उघडून पाहायला पाच मिनिटं लागली असती. पण बेबी म्हणाली, "मला माझ्या बोटांनी सांगितलंय, बघायची गरज नाही." आणि दादा म्हणाला, "मी चोर नाही, मी का दाखवू?" दोघांच्याही नाकावर माशी बसत नव्हती. बेबीने मला कपाटावर फेकलं. पुढे दादाचं लग्न झालं, त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला घर केलं, आणि जाताना कन्सोल घेऊन गेला. कन्सोल त्याच्याकडे, मी हिच्याकडे. धड त्याचा खेळ नाही, धड हिचा नाही. एकमेकांशी बोलायचं झालं तर दोघं आईकरवी बोलत.

नऊ वर्षं, मित्रांनो! कपाटावर धूळ खात मी पडून होते आणि मनातल्या मनात दादाला शिव्या घालत होते. माझी खात्री होती, तोच लबाड.

एक दिवस आईने कपाट साफ करायला काढलं. "एकतर ही वापर, नाहीतर भंगारात दे," ती बेबीला म्हणाली. बेबी तोवर चष्म्याच्या दुकानात कामाला लागली होती, आणि तिने नुकताच दुसऱ्या कंपनीचा कन्सोल घेतला होता. माझ्या पाटीला त्याची भाषा येत नव्हती. मग बेबीने एक नवी पाटी मागवली. ती म्हणे चार-पाच वेगवेगळ्या कन्सोलशी बोलते! केबल लावताना ठरलेलं बटण दाबून धरलं, की तिला कळतं, आज कोणाशी बोलायचंय. वर सोल्डरची भानगड नाही. सोबत आलेल्या नव्या रंगीत वायरीचं उघडं टोक पाटीच्या भोकात घालायचं, वरचा बारीक स्क्रू आवळायचा, बस्स. काही जळत नाही, काही कापावं लागत नाही. पटलं नाही तर जुनी पाटी होती तशी परत.

असं जाहिरातीत लिहिलं होतं. जाहिरातीवर माझा किती विश्वास असेल, ते तुम्हीच ताडा. दुधाने तोंड पोळलेली मी, ताकही फुंकून पिणारी. बेबीने आईच्या शिलाई मशीनचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझं झाकण उघडलं, तेव्हा मला वाटलं, संपलं. आता ही माझी चांगली बटणं काढून विकणार.

पण जुन्या वायरी काढण्याआधी तिने झाकणातला नकाशा पाहिला. मग माझ्या पोटात पाहिलं. मग पुन्हा नकाशा.

"आई!" ती केवढ्याने ओरडली! "ये, बघ! लाल-हिरवी उलटी आहे. नऊ वर्षं घसा फोडून सांगत होते ना? सापडला चोर!"

आई चष्मा पुसत आली. "बघितलं. मग आता काय, गावभर दवंडी पिटतेस?"

बेबीने मोबाइलवर फोटो काढले. आणि फोटो मोठा करून बघताना ती थबकली. टोकाची दोन बटणंसुद्धा उलटी होती. नारिंगीच्या जागी पोपटी, पोपटीच्या जागी नारिंगी.

"ही तर दादाची बटणं," ती पुटपुटली. "ही मी कधी वापरतच नव्हते. स्वतःच्याच घरात कोण चोरी करतं?"

तिची नजर वायरींवरून नकाशातल्या रंगीत ठिपक्यांकडे गेली, आणि तिला दुकानातलं पुस्तक आठवलं. चष्म्याच्या दुकानात रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असतं. ठिपक्यांत दडलेला आकडा ज्याला दिसत नाही, त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. ते पुस्तक बेबी रोज गिऱ्हाइकांपुढे धरत होती. तिने मला पुन्हा बंद केलं, नवी पाटी पिशवीत टाकली, आणि सुट्टीच्या दिवशी थेट दादाचं घर गाठलं.

दादा सुतारकाम करतो. अंगणात रंधा मारत होता. बेबीला आणि मला बघून त्याचं कपाळ आक्रसलं.

"काय? पुरावा घेऊन आलीस?"

"नवी पाटी बसवायचीय," बेबी म्हणाली. "तुझ्याही कन्सोलवर चालेल, माझ्याही. मला एकटीला जमत नाहीये."

हे धादांत खोटं होतं. दादालाही ते कळलं असावं, कारण तो तिच्याकडे तिरपं बघतच आत आला. वहिनीने टेबल मोकळं करून दिलं. झाकण उघडल्यावर बेबीने नकाशाची बाजू स्वतःकडे फिरवून ठेवली.

"मी सांगते ती वायर काढ. लाल."

दादाने एक क्षणही न घुटमळता वायर काढली. हिरवी.

"आता हिरवी."

त्याने लाल काढली.

"नारिंगी."

पोपटी त्याच्या हातात आली, आणि बेबीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आता काय झालं?" दादा वैतागला.

"दादा, तुझ्या हातातली पोपटी आहे. आणि मघाची पहिली हिरवी होती."

"झालं सुरू! नऊ वर्षांनी घरी येऊन पुन्हा तेच?" त्याने पहिली वायर उचलून वहिनीपुढे धरली. "तू सांग गं, हिचा रंग कोणता?"

"हिरवा," वहिनी म्हणाली. मग तिने दुसऱ्या वायरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अहो... म्हणून का तुम्ही सोफ्याच्या कापडावरून त्या दुकानदाराशी भांडलात? लाल सांगितलं आणि हिरवं घेऊन आलात!"

दादा दोन्ही वायरी खिडकीपाशी घेऊन गेला. उजेडात धरल्या, लांब धरल्या, जवळ धरल्या.

"दोन्ही मातकटच आहेत," तो हळूच म्हणाला. "ठिपका असो की वायर, जास्त गडद ते लाल. सगळे तसंच ओळखतात ना?"

मग तो खाली बसला.

"म्हणजे चूक माझीच होती."

"हो. पण मुद्दाम नव्हती. मी मात्र तुला लबाड ठरवून मोकळी झाले."

"बाबा गेले, बेबी, तेव्हासुद्धा तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मला त्या दिवशी तू हवी होतीस गं."

बेबीने त्याचा भुशाने माखलेला हात घट्ट धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

त्या दिवशी माझी नवी पाटी दोघांनी मिळून बसवली. बेबी रंग सांगायची, दादा स्क्रू आवळायचा. आता मी दोघांच्याही कन्सोलवर चालते. एक आठवडा इथे, एक आठवडा तिथे.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसत जा. केबल हिसकू नका. वर्षातून एकदा झाकण उघडून धूळ झटका, आणि बटण हे बटण आहे, खिळा नाही, हे लक्षात ठेवा. माझा स्वभाव काही बदललेला नाही. हे सगळं तुम्ही कराल यावर माझा अजूनही फारसा विश्वास नाही. पण दादाच्या बाबतीत मी चुकले, हे मी कबूल करते. वायरी उलट्या आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. का उलट्या आहेत, ते माहीत नव्हतं. मला तोंड नाही, मी विचारू शकले नाही. तुम्हाला आहे ना? मग कोणाचा संशय आला, तर त्याच दिवशी जा आणि विचारा.