थुंकी मुरलेली काठी

मला मुळातच किळस फार. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी मी मेलो तरी पिणार नाही, आणि बसमध्ये आधीच्या माणसाची ऊब राहिलेल्या जागेवर बसण्यापेक्षा मी उभ्याने प्रवास करतो. नूरी, माझी बायको, लग्नापासून याला हसत आलीय. "राजवाड्यात जन्मायचा होतास, चुकून खाणवाल्यांच्या घरात पडलास," म्हणते. असा माणूस सव्वीस वर्षं तांब्याच्या खाणीत पट्ट्याचे रोलर सांभाळतोय, याला काय म्हणावं!

आमचा पट्टा तीन किलोमीटर लांब. वाळवंटातून दगड घेऊन ते दळायच्या गिरणीकडे जातो, त्याच्याखाली हजारो रोलर फिरत असतात, आणि एकाचं जरी बेअरिंग गेलं तरी तो रोलर अडकतो, तापतो आणि पट्टा जाळतो. म्हणून आम्ही रोज पट्ट्याच्या कडेने चालत जाऊन ऐकायचं, आणि ते कानांनी नव्हे, दातांनी. कमरेएवढ्या काठीचं एक टोक रोलरच्या लोखंडी चौकटीला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं, कानांत बोळे कोंबायचे. बेअरिंगची कुरकुर जबड्यातून थेट डोक्यात येते. वाईट सापडला की चौकटीवर पिवळ्या खडूची फुली, आणि पट्टा थांबला की तो बदलायचा. नवी काठी मुकी असते. चार-पाच वर्षं थुंकी मुरली, दातांच्या खाचा पडल्या, की ती बोलायला लागते. म्हणून ज्याची काठी त्याची. माणूस मेला तर त्याची काठी अवजारांच्या शेडमध्ये खिळ्याला टांगायची, आणि तिला कोणी हात लावायचा नाही.

मार्चमध्ये माझी काठी हातातून निसटली, पट्ट्यात गेली आणि तिचा भुगा झाला. तसे माझे कान दोन वर्षांपूर्वीच अधू झालेले, काठीशिवाय बेअरिंग ऐकूच यायचं नाही. हे फक्त माझ्या जोडीदाराला, उलिसेसला ठाऊक. आणि नेमकी त्याच आठवड्यात राजधानीहून नवी इंजिनीअर आली, यास्नाबाई. वयाने माझ्या मुलीएवढी, पण बोलायला तिखट.

"गुरुवारी माझं यंत्र आणि तुमची काठी, ओसोरिओ," ती मला आडनावाने हाक मारत म्हणाली. "सगळा पट्टा चालू ठेवून वाईट बेअरिंग कोण जास्त शोधतं ते बघू. नाही जमलं तर घरी आराम करा, वाईट वाटून घेऊ नका."

वाईट कसलं! पेन्शनला चौदा महिने राहिलेले. नूरीचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, कंपनीच्या दवाखान्यात. त्याआधी मी घरी बसलो की तो दवाखाना बंद.

मी झाडूचा दांडा कापून पाहिला. ठार मुका. शेडमध्ये खिळ्याला एकच काठी होती, बाऊदिलिओची.

हा बाऊदिलिओ गेल्या हिवाळ्यात वारला. एकोणीस वर्षं आमचं जेवणाचं टेबल एक होतं, आणि एकोणीस वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून जेवलो. तो तोंड उघडं टाकून खायचा. मचाक मचाक आवाज, वाटाणे, मांस, बडीशेप सगळं आत एकत्र फिरताना दिसायचं, आणि खालच्या रांगेतला समोरचा एक दात नव्हता, तिथून जीभ मधूनमधून बाहेर यायची. शी! आठवलं तरी घास वर येतो. त्याने कधी तक्रार केली नाही. एकदाच हसून म्हणाला होता, "कर बाबा पाठ. ऐकायला तर येतंय ना?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी. बुधवारी मी ती काठी साबणाने घासली, उकळली, दारूने पुसली आणि डोळे मिटून दातांत धरली. बडीशेप! इतकं उकळूनही लाकडातून बडीशेपेची गोडसर, शिळी चव जिभेवर उतरली, आणि माझे दात त्याच्या खाचांत जाऊन बसले. मी पट्ट्याआड जाऊन ओकलो. मग तोंड धुतलं आणि पुन्हा धरली.

पण काय बोलत होती ती काठी! सव्वीस वर्षांत इतकं स्वच्छ मी ऐकलं नव्हतं. दोनशे बाराव्या रोलरशी मात्र कुरकुर नव्हती. तिथे कोणीतरी चघळत होतं. ओलं, सावकाश, ओठांचा आवाज करत. मी फुली मारली. दुपारी पट्टा थांबल्यावर उलिसेसने रोलर काढला, बेअरिंग उघडलं. आत ग्रीस लोण्यासारखं.

"मेल्या, नवाकोरा काढायला लावलास," तो म्हणाला. "बाईला कळलं तर आज संध्याकाळीच घरच्या बसमध्ये बसवेल तुला."

पट्टा सुरू झाल्यावर पुन्हा काठी लावली, तर चघळणं आता दोनशे तेराला होतं.

गुरुवारी सकाळी यास्नाबाई यंत्र घेऊन आली. मी पुढे, ती मागे. प्रत्येक रोलरशी ते चघळणारं तोंड माझ्याबरोबर चालत होतं, आणि त्या मचाक मचाकच्या खालून मला वाईट बेअरिंग शोधायची होती. लाळ हनुवटीवर ओघळत होती, ती पुसायचीही सोय नव्हती. यंत्राने नऊ काढले, मी अकरा. माझे जास्तीचे दोन उघडले तेव्हा बेअरिंगच्या गोळ्यांचा चुरा खाली पडला.

बाईने हात पुढे केला. "हरले मी, ओसोरिओ. पेन्शनपर्यंत तुम्हाला इथून कोणी हलवणार नाही."

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी पाठीवर थापा मारल्या. मी इतका भुकेला होतो की मान वर न करता खात सुटलो. उलिसेस काहीतरी चावट सांगत होता, तो मध्येच थांबला.

"एव्हारिस्तो," तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "तोंड मिटून खा की, बाबा."

शनिवारी आठवड्याच्या सुट्टीवर कालामा गावी, घरी आलो. काठी कोणाच्या हाती लागू नये म्हणून बरोबर आणली होती, फडक्यात गुंडाळून. नूरीला बातमी सांगितली. ती रडली, माझा हात गालाला लावून बसली, मग उठून कोंबडीचा रस्सा आणि ताजा पाव वाढला. भरदुपारचं ऊन टेबलावर होतं. जेवताना ती मला दवाखान्यातल्या नव्या नर्सबद्दल सांगत होती, आणि सांगता सांगता तिने चमचा खाली ठेवला.

ती माझ्या ताटाकडे बघत होती. पावाचा मोठा तुकडा मी एकदा चावून तिथे ठेवला होता. चावा नीट उमटला होता. फक्त खालच्या बाजूला, समोर, एका दाताच्या जागेवर पाव तसाच राहिला होता, जिभेसारखा पुढे आलेला.

मी जिभेने दात मोजले. सगळे होते. पुन्हा मोजले.

"टाकून दे ते फडक्यातलं," नूरी म्हणाली. मी तिला फडक्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

"चौदा महिने," मी म्हटलं. "चौदाच महिने, नूरी. मग टाकतो."

तिने तिच्या दंडावरच्या सुयांच्या खुणांवरून एकदा बोट फिरवलं. मग उठली, खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून जेवायला बसली.