पुसलेली निळी कड

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. लोहगडवाडीच्या विठ्ठल मंदिरात, वीणा टांगतात त्या खुंटीशेजारी माझी जागा. आज मला पाहिलेत तर चित्र म्हणणार नाहीत, ओल लागलेला कागद म्हणाल.

माझे जन्मदाते गोपाळकृष्ण. उमेदीच्या वयात ते अंतराळात जाऊन आले आणि निवृत्तीनंतर तळेगावात राहू लागले. यानाच्या खिडकीतून पाहिलेली पृथ्वी त्यांनी जाड कागदावर जलरंगांत उतरवायला घेतली. काळोख जमला, समुद्र जमला, ढगही जमले. घोडे अडले ते पृथ्वीच्या कडेवरच्या निळ्या रेघेपाशी. ती रेघ म्हणजे आपली हवा, आपल्या सगळ्यांचा श्वास. वरून पाहिली तर केसाएवढी दिसते. किती कागद त्यांनी फाडून टाकले! माझ्यावर ती उमटली, तेव्हाच त्यांनी ब्रश खाली ठेवला.

या मंदिरात ते कीर्तनाला येत. एका सप्ताहात त्यांनी मला काचेच्या चौकटीत बसवून देवाच्या पायांशी आणून ठेवले. मंदिराची झाडलोट करणाऱ्या धोंडाबाईने हसत विचारले, "सायेब, येवढं वर गेलता, देव दिसला का?"

"वर बघायला सवडच झाली नाही, मावशी. सारखा खालीच बघत होतो."

मग काय सांगू माझे भाग्य! आदिनाथबुवा कीर्तनाला उभे राहिले की भर रंगात माझ्याकडे हात करत. आई लेकराला पदराखाली घेते ना, तशी ही निळी कड, असे म्हणत, आणि गजर सुरू होई. टाळमृदंगाने माझी काच थरथरे. धोंडाबाई रोज त्या काचेवर हळदकुंकू लावी.

पुढे मंदिराला रंग देताना शिडी लागून काच फुटली. लोणावळ्याहून नवी आणू, असे सगळेच म्हणाले, गेले मात्र कोणीच नाही. मी उघडेच राहिले.

सप्ताह तोंडावर आला. देवांच्या आंघोळी झाल्या, समया घासून झाल्या. मग धोंडाबाईने मला खाली उतरवले आणि लेकराचे तोंड पुसावे तशा मायेने ओल्या फडक्याने पुसले. मी ओरडणार तरी कसे? निळा रंग फडक्यावर आला, समुद्र काळोखात मिसळला. तिचा हात थबकला तेव्हा कड उरली नव्हती.

काल्याच्या दिवशी गोपाळकृष्ण आले. कंपवाताने हात इतके कापत होते की काल्याचा प्रसादही बुवांनीच भरवला. ते बुवांना सांगत होते, पूर्वी डोळे मिटले की तो निळा रंग दिसायचा, हल्ली दिसत नाही. म्हणून एकदा डोळे भरून पाहायला आलोय.

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. खांबाआडून धोंडाबाई पुढे झाली.

"सगळ्या देवांना आंगुळ घातली, सायेब. ह्याला येकट्याला पारुसं कसं ठिवायचं, म्हून..."

ते तिला एका शब्दानेही टाकून बोलले नाहीत. कापरे बोट माझ्यावर टेकवून कड होती तिथून फिरवू लागले. बोट भरकटत राहिले. वाट काही सापडेना.

"इथंच होती ना, मावशी?"



त्यानंतर ते आले नाहीत. बुवाही आता कीर्तनात माझ्याकडे हात करत नाहीत. धोंडाबाई अजून हळदकुंकू लावते, ते आता थेट कागदात मुरते.

मित्रांनो, मायेने हात लावायचा असला तरी आधी ती वस्तू कशाची आहे, एवढे विचारत जा. माझी कड कोणी रागाने पुसली नाही, तरी ती गेली ती गेलीच. तुमच्या डोक्यावरची खरी कड अजून आहे म्हणतात. तीही केसाएवढीच आहे. आणि तिच्यावर काच कधीच नव्हती.