काचेच्या डोळ्याचा फोटो

ऑफिसात सगळे त्याला ‘पंडित’ म्हणत. त्यात टोमणा आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी हाक आली की मान जरा ताठ व्हायचीच.

डोळ्यांच्या दवाखान्यासाठी त्यानं दोन प्रोग्रॅम लिहिले होते. एक बाहेरच्या खोलीत पेशंटच्या दोन्ही डोळ्यांचे फोटो काढणारा, दुसरा ते आत डॉक्टरांना दाखवणारा. फोटो जड, म्हणून मेमरीत एकाच जागी ठेवायचा, दोघांनी तोच वापरायचा आणि किती जण वापरताहेत तो आकडा शेजारी ठेवायचा. आकडा शून्य झाला की जागा पुढच्या फोटोला मोकळी.

“आकडा वाढवायचा कुणी? पाठवणाऱ्यानं की घेणाऱ्यानं?” टेस्टिंग करणाऱ्या ताईंनी मीटिंगमध्ये विचारलं होतं.

“घेणाऱ्यानं! ज्याला भूक, त्यानं ताट मांडावं.”

वाक्य पंडिताला इतकं आवडलं की खरं-खोटं तपासायचं राहूनच गेलं.

चाचणीच्या दिवशी डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, “आजोबा, डावा डोळा अगदी ठणठणीत आहे.”

“काचेचा आहे तो,” आजोबा म्हणाले. “तीस वर्षं झाली.”

पंडितानं आधी केबल हलवून पाहिली. मग कॅमेऱ्याला नावं ठेवली. एकदा तर आजोबांकडेच संशयानं बघितलं. तोवर ताईंनी नोंदी उघडल्या होत्या.

“हे बघा. पहिल्या प्रोग्रॅमनं ‘फोटो तयार’ असा निरोप धाडला आणि लगेच आपला आकडा उतरवून हात झटकले. दुसऱ्यानं निरोप अजून उघडलाच नव्हता. मधल्या वेळात फोटो कुणाचा?”

“कुणाचाच नाही,” पंडिताच्या तोंडून निघून गेलं आणि त्याची कानशिलं तापली. आकडा शून्य, जागा मोकळी, आणि तिथे पुढच्या पेशंटचा धडधाकट डोळा येऊन बसलेला.

आता पाठवणाऱ्यानंच घेणाऱ्याच्या वतीनं आकडा एकानं वाढवायचा, मग निरोप धाडायचा. घेणाऱ्यानं काम झाल्यावर उतरवायचा. दुरुस्ती जेमतेम दोन ओळींची. पण आजोबा खुर्ची ओढून शेजारीच बसले होते, त्यामुळे पंडिताची बोटं तीनदा चुकली. दुपारपर्यंत साठ फोटो गेले. ज्याचा डोळा त्याच्याच नावावर.

अहवालात ‘कारण’ या शब्दापुढे त्यानं लिहिलं, ‘मोजणीत चूक राहून गेली.’

“राहून गेली?” ताईंनी मागून वाचलं. “आपली आपणच?”

त्यानं ते खोडलं आणि लिहिलं, ‘मी न तपासता नियम सांगितला.’ मग ‘घाईत’ हा शब्द घालावासा वाटला. पण घाई कुठे होती? तसाच अहवाल त्यानं डॉक्टरांकडे नेऊन दिला.