धुऱ्यावरची चाल

कॉलेजच्या एनसीसीच्या एअर विंगमध्ये, कच्च्या यादीत, आपलं नाव लागलं हे तृप्तीनं सोमवारी सकाळी घरी सांगितलं. दुपारी अख्ख्या करडी गावात ती एअरफोर्सला लागलेली होती. दिवे लागेपर्यंत ती विमान चालवत होती. ‘कच्च्या’ हा शब्द वाटेत कुठं गळून पडला, कुणाला पत्ता नाही.

संशय तिच्या बापावर होता. डोमा ग्रामपंचायतीत शिपाई. नोटिशी चिकटवून चिकटवून त्याला एक खोड लागलेली, वरचं मोठं अक्षर वाचायचं आणि खालचं बारीक सोडून द्यायचं. पोरीचं म्हणणंही त्यानं तसंच ऐकलं.

खालचं बारीक असं होतं: यादीत चोवीस नावं, पक्क्या जागा वीस. चार रविवार भंडाऱ्याच्या मैदानावर परेड. चौथ्या रविवारी सार्जंट चार नावं कापणार, उरलेल्या वीस जणांना गणवेश. पुढं विमानाची मॉडेलं बनवायची, शिबिरं करायची आणि नशिबात असलंच तर नागपूरला दोन माणसांच्या चिमुकल्या विमानात मागच्या सीटवर बसायचं. चालवायचं नाही, बसायचं.

“गणवेश कसा आहे वो?” बायजाबाईनं विचारलं. ही डोमाची थोरली बहीण, तृप्तीची आत्या, शेजारच्याच घरात राहणारी.

“फिक्कट निळा.”

“मंग झालं तं! रंग आपलाच देऊन राहिले. अजून काय पायजे?”

बायजाबाई रोवणीच्या टोळीची म्होरकी. पावसाळ्यात धानाची रोपं बांधीत लावायला अकरा बाया घेऊन ती शिवारभर फिरायची. कोणती बाई रोपांच्या किती पेंड्या लावते, कोणती बोलताना हात थांबवते, कोणाची कंबर कितव्या ओळीला धरते, सगळं तिच्या डोक्यात नोंदलेलं. टोळीतल्या शकुनबाईबद्दल तिचं मत ठरलेलं होतं: दिवसाला चाळीस गोष्टी सांगते, त्यातल्या सहा खऱ्या, आणि नेमक्या त्याच कामाच्या नसतात. माणसं मोजायची ही सवय आत्याकडून भाचीत उतरली होती.

त्यामुळे पहिल्या रविवारीच तृप्तीनं बाकीचे तेवीस मोजून टाकले. सात जण फोटो काढण्यापुरते आलेले. तिघांना शिट्टी वाजली की घाम. आणि रुचिका, भंडाऱ्याच्या साडीवाल्यांची पोरगी, पहिल्याच दिवशी इस्त्रीची पँट आणि नवे बूट घालून आलेली. बूट तिला चावत होते, पण ती लंगडतसुद्धा ऐटीत होती. तृप्तीशी तिची लगेच गट्टी जमली.

हिशोब असा सांगत होता की तृप्ती वीसमध्ये सहज बसते. धावण्यात ती मुलींत पहिली, लेखी परीक्षेत तिसरी. फक्त एक गोष्ट तिनं मोजली नव्हती. स्वतःची चाल.

“तेज चल!” सार्जंट गुलाबसिंह ओरडले. नाव गुलाबाचं, आवाज पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात तसा.

तेवीस जण चालले. तृप्तीही चालली, पण एका पावलासमोर दुसरं पाऊल बरोबर ओळीत टाकत, हात अंगाला चिकटवून, नजर जमिनीवर. जन्मल्यापासून ती बांधीच्या धुऱ्यावरून चालत आलेली. वीतभर रुंदीचा मातीचा बांध, दोन्ही बाजूला चिखल, मध्ये खेकड्याची बिळं आणि कधीमधी बिळाचा भलताच मालक. तिथं नजर वर करून चालणाऱ्याला घरी गेल्यावर आंघोळ करावी लागते. पण मैदान धुरा नव्हतं. तिची पावलं लहान पडली, मागचा तिच्यावर आदळला, त्याच्या मागचा त्याच्यावर, आणि अख्खी रांग गोळा झाली.

“ये लड़की परेड नहीं कर रही,” सार्जंट म्हणाले, “रस्सी पर चल रही है!”

मैदान हसलं. रुचिका सगळ्यात जोरात हसली आणि मग कानाशी म्हणाली, “सॉरी गं. पण खरंच तशीच चालून राहिली होती तू.”

दुसऱ्या रविवारी तेच झालं. या वेळी सार्जंट ओरडले नाहीत, जवळ येऊन हळू बोलले, आणि ते जास्त वाईट होतं. “बेटा, दौड़ती अच्छा है. मगर चौथे संडे को नज़र ज़मीन पर मिली, तो नाम काटूँगा. समझी?”

समजलं होतं. तृप्ती एसटीत बसली आणि करडीपर्यंत खिडकीबाहेर न बघता आपल्या पायांकडेच बघत राहिली. नाव कापलं तर ते फक्त यादीतून जाणार नव्हतं. अख्ख्या गावाच्या तोंडातून ते परत गोळा करावं लागणार होतं.

ती सरळ बांधीवर गेली. टोळी वाकून रोवणी करत होती. अकरा पाठी, अकरा पदर खोचलेले. तृप्ती मागच्या धुऱ्यावर पोचली, तेवढ्यात आभाळात घरघर झाली.

“आली वो आली!” बायजाबाईनं हाळी दिली.

अकराच्या अकरा बाया ताठ उभ्या राहिल्या. चिखलाचे हात वर गेले. “तृप्ती वो! ए तृप्ती!” शकुनबाई आभाळाकडे बघून ओरडत होती. “जेवली का वो माय?”

विमान नागपूरकडे निघून गेलं. बाया वळल्या. धुऱ्यावर तृप्ती उभी.

मग शकुनबाईनं बोट आधी आभाळाकडे, मग तिच्याकडे नेलं. “अवो, तू इथी? मंग त्याच्यात कोण होतं?”

तृप्तीच्या तोंडून शब्द निघायच्या आत बायजाबाई म्हणाली, “आज तिची सुट्टी आहे. दुसरा ड्रायव्हर गेला. चला, वाका आता! बांधी काय विमानातून रोवनार आहा?”

टोळी वाकली. तृप्तीनं आत्याला धुऱ्याच्या टोकाला, पळसाच्या झाडाखाली गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. विमान नाही, गणवेश नाही, नाव कच्चं, चाल वाईट, दोन रविवार उरलेत.

बायजाबाई ऐकत ऐकत पायाचा चिखल खरवडत होती. “विमान नाई ते मले पयल्या दिवसापासून माहीत आहे. मी काय येडी आहो?”

“मंग ह्या बायांले काहून सांगितलं तू?”

“दिवसातून चार विमानं जाते. पावणेदहा, पावणेबारा, तीन अन् पाच. आता मी म्हटलं, बायांनो, कंबर सरळ करा, तं मालक म्हणते टोळी आळशी आहे. अन् तुले पाहाले उभ्या राहिल्या, तं मालक सोता हात हालवते. काल त्यानं टोपी हालवली.” ती गालातल्या गालात हसली. “तुह्या नावावर अकरा बायांची कंबर चालून राहिली. म्हणून तुहं नाव कापू द्याचं नाई. चाल दाखव.”

तृप्ती धुऱ्यावर दहा पावलं चालली.

“खाली काय पाह्यतं?”

“पाय.”

“पायाले धुरा माहीत नाई का? अठरा वर्षं चालून राहिला तो.” बायजाबाईनं पेंड्यांनी भरलेलं घमेलं उचललं आणि तृप्तीच्या डोक्यावर ठेवलं. “आता चाल.”

पोरगी शिकते म्हणून घरात कुणी तिच्या डोक्यावर ओझं दिलं नव्हतं. पेंड्या ती हातातूनच न्यायची. आता मान वाकवावी तर घमेलं घसरणार. पहिलं पाऊल तिनं घाबरत टाकलं. दुसरं कमी घाबरून. पाचव्याला तिच्या लक्षात आलं की समोर, दूरवर, तलावाची पाळ दिसते आहे आणि पाय मात्र धुऱ्यावरच आहेत. कोणी न सांगता.

“हात मोकळे सोड,” आत्या मागून म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी, कॉलेजची एसटी यायच्या आधी, तृप्ती घमेलं घेऊन चालली. आधी धुऱ्यावर, मग कालव्याकाठच्या रुंद रस्त्यावर, लांब पावलं टाकत, हात खांद्यापर्यंत नेत. कामाला निघालेली टोळी तिच्या मागं रांगेत यायची. शकुनबाई “येक-दोन, येक-दोन” म्हणायची आणि स्वतः तिसऱ्याच पावलावर असायची. तिसऱ्या रविवारी सार्जंट काही बोलले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं मात्र.

चौथा रविवार उजाडला. सहा-सहाच्या रांगा करून परीक्षा सुरू झाली. तृप्ती आणि रुचिका शेवटच्या रांगेत, म्हणून त्यांची पाळी यायला साडेनऊ वाजून गेले. तृप्तीनं मनातल्या मनात डोक्यावर घमेलं ठेवलं. समोर मैदानापलीकडे पाण्याची टाकी होती. तिनं तिलाच तलावाची पाळ करून टाकलं.

“तेज चल!”

अर्धं मैदान झालं असेल, आणि आभाळात घरघर सुरू झाली.

पावणेदहाचं.

एअर विंगची पोरं ती. विमान आलं आणि वर बघितलं नाही असं कसं होईल? रांगेतल्या पाच माना एकदम वर गेल्या. बाजूला उभ्या असलेल्या अठरा माना त्यांच्याही आधी. रुचिका वर बघता बघता पुढच्याच्या टाचेवर चढली आणि तिचा नवा बूट, महिनाभर चावून शेवटी, आपणहून निघाला.

तृप्ती एकटी पाण्याच्या टाकीकडे बघत चालत राहिली. ह्याच वेळी करडीत अकरा हात वर झाले असतील, हे तिला न बघता माहीत होतं. तिला हसू आलं, पण मान हलली नाही.

“थम!”

सार्जंट तिच्यासमोर येऊन उभे राहिले. “सबने ऊपर देखा. तूने क्यों नहीं देखा?”

“सर, वो रोज़ का है. अगला पौने बारह बजे.”

गुलाबसिंहांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते बाकीच्यांकडे वळले. “आसमान देखने का बहुत शौक है? पूरे तेईस, ग्राउंड के दो चक्कर!” मग तिला म्हणाले, “और तू गिन. एक भी कम नहीं होना चाहिए.”

तृप्तीनं मोजलं. तेवीसच्या तेवीस भरले, रुचिका एका बुटात. चार नावं कापली गेली ती फोटोवाल्या सातांतलीच निघाली, आणि तृप्तीचा हिशोब तिथंही चुकला नाही. रुचिका विसावी. “बूट हातात घेऊन धावले म्हणून ठेवलं मला,” ती म्हणाली, आणि ते बहुधा खरंच असावं.

घडी न मोडलेला निळा शर्ट पोटाशी धरून तृप्ती दुपारी बांधीवर पोचली. शर्ट हातोहात फिरू लागला. चिखल लागू नये म्हणून प्रत्येकीनं तो कोपरांवर झेलला. तृप्तीनं एकदाचं खरं सांगून टाकायचं ठरवलं. “मावशी, एक सांगतो. मी त्या विमानात कधीच नोती.”

“माहीत आहे,” शकुनबाई शर्टाची बटणं न्याहाळत म्हणाली.

बायजाबाईचा हात पेंडीवरच थांबला. “काय माहीत आहे?”

“सगळ्यायलेच माहीत आहे. डोमाच्या पोरीले घेऊन दिवसाले चार विमानं काहून जातीन? पण तू म्हणे पाहा, तं आमी पाहून राहिलो. कंबरेले बरं वाटे.”

अकराही जणी हसल्या. बायजाबाईला टोळीची प्रत्येक कंबर माहीत होती. डोक्यांची नोंद मात्र, एवढ्या वर्षांत, करायची राहून गेली होती. तिनं चेहरा आवळून पाहिला. आवळेना.

तीनचं विमान आलं. आता सगळं उघड झालेलं, उभं कोण राहणार? बाया वाकलेल्याच. पलीकडच्या धुऱ्यावर मालक टोपी हातात घेऊन वाट बघत होता.

तृप्तीनं टाचा जुळवल्या, छाती भरून घेतली आणि गुलाबसिंहांच्या आवाजात अख्ख्या शिवाराला हाक घातली:

“टोली, सावधान!”

अकरा पाठी सरळ झाल्या.

“विश्राम!”

“हे बरं आहे,” शकुनबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. “हेच शिकवते का वो तठी?”

मालकानं टोपी हलवली.