झाकलेला पेला

शेवटच्या आठवड्यात इलारियो पाण्याच्या पेल्यावर दर वेळी बशी ठेवायचे. बायको, एन्कार्ना, पेला भरून हातात द्यायची. ते घोटभर घ्यायचे आणि बशी वर सरकवायचे. नर्स ती काढून ठेवी, ते पुन्हा झाकत. बोलणं तोवर बंदच झालं होतं. आता ते गेले, आणि एन्कार्नाच्या मनाने एकच धरून ठेवलं: नवऱ्याला शेवटी आपल्या हातचं पाणी नको झालं होतं.

मुलीने, फुएनसांताने, परोपरीने समजावलं. पण दुसरं उत्तर तिच्याकडे तरी कुठे होतं? म्हणून रविवारी, जेवणाच्या वेळेआधी, ती स्पेनमधल्या त्यांच्या हेरेस गावातल्या, बाबांच्या नेहमीच्या गुत्त्यात गेली.

वाइनच्या पिंपांसमोर सगळे उभेच होते. बाबांचे दोघे मित्र पेले ठेवायच्या फळीच्या टोकाला होते, लॉटरीची तिकिटं विकणारा बाल्दोमेरो आणि पिंपं बांधण्यात आयुष्य घालवलेला सेसिलियो. दोघांनी तिच्या गालांचे मुके घेतले आणि मधे जागा करून दिली. मालकीण विर्तुदेसने न विचारता फिकी, कोरडी वाइन ओतली, शेजारी पावाच्या चकतीवर चीजचा तुकडा ठेवला.

फुएनसांताने विचारलं, माणूस पेला झाकतो तो कशासाठी?

त्या दोघांना वाटलं, ती टापांबद्दल, वाइनसोबत मिळणाऱ्या खारट घासांबद्दलच विचारतेय; टापा म्हणजे मुळात झाकणच. मग काय, जुना वाद पुन्हा उफाळला. बाल्दोमेरोचं म्हणणं, माश्या. पूर्वी माश्या पडू नयेत म्हणून पेल्यावर पाव ठेवायचे, पुढे पावावर मांस आलं, त्याचाच टापा झाला. सेसिलियो म्हणाला, माश्या कसल्या, वारा. एक राजा किनाऱ्यावरच्या खानावळीत थांबला होता, पूर्वेकडून वाळू उडत होती, पोऱ्याने शाही पेल्यावर मांसाचा काप ठेवला.

“राजाला आणलंस, आता पोपलाही बोलाव,” बाल्दोमेरो म्हणाला.

विर्तुदेसने दोघांनाही मोडीत काढलं. तिच्याआधी हा गुत्ता चालवणाऱ्या तिच्या सासऱ्याला राजाही माहीत नव्हता नि माशीही. खारट काही दाताखाली दिलं की माणूस आणखी एक पेला मागतो, एवढं मात्र त्याला पक्कं माहीत होतं.

फुएनसांता ऐकत राहिली. तिन्ही गोष्टी तिला आवडल्या, पण आईला सांगण्याजोगी त्यात एकही नव्हती.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी तिकिटासाठी हाक मारली. बाल्दोमेरोने आपला सॉसेज ठेवलेला पाव उचलून पेल्यावर ठेवला आणि तो बाहेर गेला. विर्तुदेस फडका घेऊन फळी पुसू लागली. वाटेत येईल तो पेला उचलत होती. बाल्दोमेरोच्या पेल्याला मात्र तिने वळसा घातला आणि सेसिलियोच्या पेल्यावर हात टाकला.

“अगं बाई, अर्धा आहे अजून!”

“मग झाकायचा होतास. मला काय स्वप्न पडतं?”

फुएनसांताचा हात पेल्यावरच थांबला. “माझे बाबा झाकायचे?”

“इलारियो? तो तर सारखाच,” सेसिलियो म्हणाला. “गल्लीत कुणी दिसलं की चालला गप्पा मारायला.”

“आणि प्यायचं नसलं तर?”

विर्तुदेसने फडका खांद्यावर टाकला. “नको असलं तर पेला पुढे ढकलतात, पोरी. नको असलेलं कोण झाकतं? झाकला म्हणजे माझा आहे, हात लावू नका, मी येतोय परत.”

 फुएनसांतासमोरच्या पेल्यातली वाइन जेमतेम दोन घोट कमी झाली होती. तिने चीजसकट पावाची चकती उचलली, पेल्यावर नीट बसवली आणि अंगावरची शाल सावरली.

“कुठे निघालीस? जेवायला अजून वेळ आहे,” सेसिलियो म्हणाला.

“आईला घेऊन येते.”

आई कधी या दारात आली नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं.  विर्तुदेस उरलेली फळी पुसत गेली, त्या पेल्यापाशी आली आणि फडका बाजूने काढून पुढे नेला.