मजुमदारांच्या जास्वंदीला लागलेली नजर

बंगालातल्या शांतिपूरच्या मजुमदारांच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मी गल्ली जास्वंदीभोवती श्वास रोखून उभी, उरलेली कुंपणावर चढलेली. मधोमध जटेश्वरबाबा. कपाळभर शेंदूर, गालात विडा आणि पुढ्यात पानाचं तबक. देवीशी बोलताना तोंड रिकामं असावं असा काही त्यांचा नेम नसावा.

कालीपूजा तोंडावर आली होती आणि झाडाच्या कळ्या पिवळ्या पडून गळत होत्या. मजुमदारांकडे मातेचा हार घरच्याच जास्वंदीचा. विकतचं फूल चालायचं नाही. घरच्या मालकीणबाई शेफालीदेवींची झोप उडाली होती.

"जवळच्याच कुणा बाईची नजर आहे," बाबा म्हणाले. "शेजारच्या जास्वंदीचं लाल फूल आणा, तळहातावर चोळा. मी हात धरीन. ज्या हातात पाप, तो हिरवा होईल."

शेफालीदेवींचा हात लालच राहिला. शेजारच्या बुलूमाशींचाही. मग आली तृणा, शेफालीदेवींची नवी सून. बाबांनी तबकातलं पान सारखं केलं, तिचा हात धरला, काहीतरी पुटपुटत अंगठा दाबला, आणि तळहातावर शेवाळासारखा हिरवा डाग उमटला. नव्या सुनेची बाजू घ्यायला कोण पुढे येणार, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं.

"पूजा होईपर्यंत हिला माहेरी धाडा."

शेफालीदेवींनी पदर डोळ्यांना लावला. "बौमा, सूनबाई, पिशवी भर. मला बरं वाटतंय का? पण मातेपुढे माझं काय चालणार?"

या घरातली तृणाची पहिली पूजा. अंगणात रांगोळी कुठली घालायची हेसुद्धा तिनं ठरवून ठेवलं होतं. तिनं मान खाली घालून हाताकडे पाहिलं आणि तिला नवल वाटलं. हात सगळा लाल, हिरवं तेवढं मधोमध, नेमकं अंगठ्याच्या आकाराचं.

"बाबा, माझं पाप फक्त तुमच्या अंगठ्याएवढंच कसं?"

कुंपणावर कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी अंगठा मुठीत लपवला, पण नखाला लागलेला चुना तिनं पाहिला होता.

"मा, तुमचा पानाचा डबा द्या जरा." तिनं सासूच्या डब्यातला चुना बोटावर घेतला. "बाबा, आता तुमचा हात."

"साधूची परीक्षा घेतेस?"

"आम्ही सगळ्यांनी दिली, तुम्ही काय लाजताय?" असं म्हणत बुलूमाशींनी त्यांचं मनगट धरलं आणि फूल चोळलं. तृणानं बोट टेकवलं मात्र, बाबांच्या तळहातावरही हिरवागार डाग.

"अरे देवा, नजर तर बाबांचीच," बुलूमाशी म्हणाल्या. अंगण खदखदून हसलं. तृणानं आपल्या डागावर गंधराज लिंबू पिळलं, तसा हिरवा रंग जाऊन लाली परतली. "या फुलाचा रस चुन्यानं हिरवा होतो, लिंबानं पुन्हा लाल. पापपुण्याचा काही संबंध नाही." तोवर बाबांनी तबकासकट काढता पाय घेतला होता.

"ते जाऊ दे," शेफालीदेवी चिरक्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या कळ्या गळतात त्या का?"

प्रश्न रास्त होता. तृणानं फांदी वाकवून पान उलटलं. खाली कापसासारखी पांढरी कीड चिकटलेली आणि तिच्याभोवती मुंग्यांची लगबग. मुंग्यांची रांग खोडावरून थेट बुंध्याशी गेली होती. तिथे ओले बत्तासे पडले होते. देवाच्या पाण्याला पाय लागू नये म्हणून शेफालीदेवी रोजचं पूजेचं पाणी, बत्ताशांसकट, भक्तिभावानं जास्वंदीला घालत.

"मुंग्या बत्ताशांवर येतात आणि इथेच मुक्काम ठोकतात. या किडीतून गोड रस पाझरतो, म्हणून तिला राखतात, फांदीफांदीवर नेऊन सोडतात. कीड झाडाचा रस पिते आणि कळ्या गळतात."

शेफालीदेवींचा चेहरा उतरला. "म्हणजे नजर माझीच की गं."

"नजर नाही मा, साखर."

त्या हसल्या, रडल्या, दोन्ही एकदम. मग पदर खोचून साबणाचं पाणी कालवायला बसल्या. पान न् पान दोघींनी मिळून धुतलं. बत्तासे तेवढे वेगळे काढून मुलांना वाटायचे, पाणी झाडाला, असं ठरलं.

कालीपूजेला हार जरा आखूड झाला, पण घरच्या फुलांचा झाला, आणि ओवला तृणानं. झाड का सुकतंय असं कुणी विचारलं, की शेफालीदेवी आता एवढंच सांगतात: "आधी पान उलटून बघा. सुनेकडे काय बघता?"