कालिंदी बोललीच पाहिजे

लालबागच्या त्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावायचं ते दोनच घरांनी: जिथं नवराबायकोची जुंपलीय, आणि जिथं पापलेट आणलंय पण शेजारी वाटी द्यायची नाहीये. बाकी सगळी दारं सताड उघडी. त्यामुळे शेवंतीची कालिंदी बोलताना अडखळते म्हटल्यावर तिला मदत करायचं काम अख्ख्या मजल्यानं अंगावर घेतलं. पोर "पा... पा..." करायला लागली की समोरून कुणी ओरडे "पाणी!", पलीकडून कुणी "पाव!" दोन्ही हजर होत. पोरीला दाखवायचं असे पाखरू. ते तोवर कठड्यावरून उडून गेलेलं. होता होता पोरीनं बोलणंच टाकलं. शाळेतल्या बाईंनी बजावलं, स्वतःचं नाव सांगेल तेव्हाच आणा.

शेवटी दादरला, विलायतेत शिकून आलेल्या, मुलांच्या मनावर इलाज करणाऱ्या शैलाबाईंकडे न्यायचं ठरलं. डॉक्टरकडे एकटंदुकटं जायची चाळीत रीत नाही. शेवंती नि पोरीसोबत नवरा धोंडू, सासू गंगूबाई आणि चाळीचे पुढारी लवूभाऊ, मोर्चा निघावा तसे निघाले.

शैलाबाई पोरीसमोर खाली फरशीवरच बसल्या. "नाव काय गं तुझं?"

"कालिंदी," लवूभाऊ म्हणाले.

"आणि काय खायला आवडतं?"

"सुको बांगडो," गंगूबाई म्हणाली. "नि पेज."

"मी तिला विचारतेय."

"ती बोलत नाही म्हणून तर आणली ना, बाई!" धोंडू कळवळून म्हणाला.

शैलाबाईंनी चष्मा काढून पुसला. मग शेवंतीकडे वळून म्हणाल्या, "रोज थोडा वेळ घरात सगळ्यांनी गप्प बसायचं. ती बोलू लागली की थांबायचं. तिचा शब्द तिलाच पुरा करू द्या."

"आणि औषध?"

"हेच."

जिना उतरताना गंगूबाई फणकारली, "गप रवाक शिकूक विलायतेक जावचा लागता?"

लवूभाऊंना मात्र उपाय फार पसंत पडला. संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी इतक्या सभा घेतल्या होत्या, की सभा झाल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. संध्याकाळी शेवंतीच्या दारातच मौन समिती स्थापन झाली. मौन कुठल्या वेळी, यावर पहिल्या पाळीचे आणि रात्रपाळीचे हमरीतुमरीवर आले. अध्यक्ष लवूभाऊ मौनाच्या महत्त्वावर घसा बसेपर्यंत बोलले, आणि शेवटी मूठ उगारून गरजले, "कालिंदी बोललीच पाहिजे!"

"झालाच पाहिजे!" सवयीनं सगळी गॅलरी दणाणली.

कालिंदीनं कानांवर हात गच्च दाबले होते. शेवंतीनं ते पाहिलं. ती उठली, पोरीला आत घेतलं, दार लावलं आणि कडी घातली.

बाहेर आधी सगळे चपापले. मग बायका कुजबुजल्या, "भांडण नाय, तर पापलेटच असणार!"

"अगो शेवंती, झाला काय?" सासूनं दारावर थाप मारली.

"वहिनी, मौन इथं बाहेर पाळायचंय!" लवूभाऊ ओरडले.

कालिंदीनं आईचा पदर ओढला. "आ... आई, उ... उघ..."

अख्खा शब्द शेवंतीच्या ओठांवर येऊन बसला. पोरीची मान ताणली गेली, डोळे भरून आले, आणि शेवंतीचा जीव तीळतीळ तुटला. तिनं जीभ दाताखाली धरली. बाहेर थापा पडतच होत्या.

"उ... उघडू नको."

"वहिनी, बोलली का हो पोर?" लवूभाऊंचा बसका आवाज आला.

शेवंतीनं लेकीला मांडीवर ओढून घेतलं, आणि सासरी आल्यापासून पहिल्यांदाच कुणाच्या हाकेला ओ दिली नाही.